मखन्लेथ (वेल्स) : सातशे वर्षं बुधवारच्या बाजारावर उभं असलेलं गाव

पाऊलवाट

वेल्सबद्दल इथं लिहिलं जातं ते कार्डिफबद्दल नाहीतर स्नोडनच्या ट्रेकबद्दल, मधला सगळा पट्टा तसाच राहून जातो, म्हणून हा धागा काढतेय. गावाचं नाव मखन्लेथ. तिथली माणसं नुसतं मॅख म्हणतात आणि मीही पुढं तसंच म्हणेन. मी बरीच वर्षं ॲबरिस्टविथच्या बाजूला राहते, तिथून ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे जाणंयेणं असतं.

वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. पॉविस परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, डवी नदीच्या खोऱ्यात. नदी ओलांडून उत्तरेला गेलात की एरीरी म्हणजे स्नोडोनियाचं नॅशनल पार्क सुरू होतं, दक्षिणेला पिमलिमॉनचे उघडेबोडके डोंगर, पश्चिमेला दहाएक मैलांवर ॲबरडवीला समुद्र. पाऊस भरपूर. गाव म्हणजे तीन रस्ते, जिथं एकत्र येतात तिथं एक उंच घड्याळाचा मनोरा. त्यातला पूर्वेकडं जाणारा माइनग्विन स्ट्रीट हा खरा पाहण्यासारखा, एवढ्याशा गावाच्या मानाने भलताच रुंद. आठवड्यातले सहा दिवस ही रुंदी कशाला ठेवली असेल असं वाटतं, बुधवारी कळतं.

इ.स. १२९१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने पॉविसचा सरदार ओवेन डे ला पोल याला सनद दिली, की मखन्लेथला दर बुधवारी बाजार भरवावा आणि वर्षातून दोन जत्रा भराव्यात. तो बाजार आजही बुधवारीच भरतो. त्याच रस्त्यावर. सातशे तीस वर्षांपेक्षा जास्त झाली. मधे बंडं झाली, राजघराणी बदलली, धर्म बदलला, लोकर आली आणि गेली, शिसं आलं आणि गेलं, पाटीचा दगड आला आणि गेला, रेल्वे आली आणि बुधवार काही हलला नाही.

बाजार कसा दिसतो ते सांगते. सकाळी नऊच्या आत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव उभे राहिलेले असतात. एकीकडे चीजवाला, त्याच्याकडे केअरफिलीचा पांढरा चुरचुरीत गोळा तारेने कापून कागदात बांधून मिळतो. पुढं भाजी, त्यात मातीसकट लीक आणि बटाटे, अंडी, रोपं, मासळीची गाडी, तव्यावर भाजलेले बेदाण्याचे वेल्श केक. आणि मग जुनी हत्यारं विकणारा, माझा सगळा वेळ तिथंच जातो. कुऱ्हाडीचे दांडे, लोकर कातरायच्या जुन्या कात्र्या, रंधे, गंजलेल्या कड्या, सगळं एका चादरीवर मांडलेलं, आणि भाव करताना दोघं म्हातारे वेल्शमध्ये बोलत असतात, पैसे द्यायची वेळ आली की मला इंग्रजीत आकडा सांगतात. आपल्याकडच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात जसं घेणं कमी आणि भेटणं जास्त असतं तसंच इथंही.

कोणी गेलं असेल तर लिहा. इतिहास माहीत असणाऱ्यांनी तर लिहाच.

चष्मेबहाद्दर

छान धागा. पण हे गाव वेल्सची जुनी राजधानी म्हणून ओळखतात ना? ओवाइन ग्लिनडूरची पार्लमेंट इथं भरली होती असं वाचलंय. तुम्ही बाजाराबद्दल एवढं लिहिलंत आणि त्याचं नावच नाही, म्हणून विचारतोय.

बखरवाला

चष्मेबहाद्दर, माझाही हाच प्रश्न होता, म्हणून सविस्तर लिहितो, हा माणूस माझ्या फार जवळचा विषय आहे.

ओवाइन ग्लिनडूर हा काही डोंगरातला लुटारू नव्हता. पॉविस आणि देहेबार्थ अशा दोन जुन्या राजघराण्यांचं रक्त, लंडनला कायदा शिकलेला, इंग्लंडच्या राजाच्या फौजेत स्कॉटलंडच्या मोहिमेवर जाऊन आलेला, सिखार्थला खंदकाने वेढलेला मोठा वाडा. शेजारचा इंग्रज सरदार, रिथिनचा लॉर्ड ग्रे, याच्याशी जमिनीवरून वाद झाला, दाद मिळाली नाही, आणि १६ सप्टेंबर १४०० ला त्याच्या माणसांनी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून जाहीर केलं. १४०१ मध्ये हिद्गेनच्या डोंगरात, म्हणजे मॅखच्या दक्षिणेलाच, त्याने कमी माणसांनिशी मोठी फौज उधळली. १४०२ मध्ये ब्रिन ग्लासला एडमंड मॉर्टिमर हा बडा इंग्रज उमराव हाती लागला, राजाने त्याला सोडवायचे पैसे दिले नाहीत, तर मॉर्टिमरने ओवाइनच्याच मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने वेल्श लोकांवर कायदे लादले, शस्त्र बाळगायचं नाही, सभा भरवायची नाही, अधिकारपद नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीला त्यामुळेच वजन येतं.

१४०४ मध्ये हार्लेख आणि ॲबरिस्टविथ हे दोन्ही किनारी किल्ले ओवाइनच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी त्याने मखन्लेथला पार्लमेंट भरवली. तिथं त्याचा राज्याभिषेक झाला असं परंपरा सांगते. सभा भरवायला बंदी असलेल्या लोकांनी भरवलेली सभा होती ती! मे महिन्यात त्याने डोल्गेथ्लीहून दोन वकील फ्रान्सच्या राजाकडे धाडले आणि जुलैमध्ये पॅरिसला तह झाला. पुढच्या वर्षी हार्लेखला सभा भरली तेव्हा प्रत्येक कमोटमधून, म्हणजे आपल्या तर्फेसारख्या विभागातून, चार वजनदार माणसं बोलावली होती.

आणि मग पेनालचं पत्र. पेनाल हे मॅखपासून चारेक मैलांवरचं खेडं. ३१ मार्च १४०६ ला तिथून ओवाइनने फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सला लिहिलं, की आम्ही (तेव्हा असलेल्या दोन पोपांपैकी) फ्रान्स ज्याला मानत होता त्या ॲव्हिन्यॉनच्या पोपला मानू, पण बदल्यात वेल्सचं चर्च कँटरबरीपासून वेगळं हवं, सेंट डेव्हिड्सला आर्चबिशप हवा, पाद्री वेल्श जाणणारे हवेत, आणि दोन विद्यापीठं हवीत, एक उत्तरेत एक दक्षिणेत. १४०६ मध्ये! वेल्समधलं पहिलं युनिव्हर्सिटी कॉलेज ॲबरिस्टविथला उघडलं १८७२ मध्ये. मूळ पत्र पॅरिसच्या सरकारी दफ्तरखान्यात आहे.

१४०८ ला ॲबरिस्टविथ पडलं, १४०९ ला हार्लेख, बायको-मुली पकडल्या गेल्या, लंडनला कैदेत मेल्या. ओवाइन मात्र कधीच सापडला नाही. माफी देऊ केली तरी तो पुढं आला नाही, आणि त्याच्याच कोणी माणसाने त्याला विकलंही नाही. तेव्हा पाऊलवाट, तुमचा बाजार ठीक आहे, पण मॅखचा मान ओवाइनमुळे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊलवाट

बखरवाला, किती छान लिहिलंत. ओवाइनचं महत्त्व मला अजिबात कमी करायचं नाहीये, पण माझा प्रश्न वेगळा आहे, त्याने मखन्लेथच का निवडलं? हार्लेखसारखा बुलंद किल्ला हातात असताना नदीकाठचं हे उघडं गाव? तटबंदी नाही, कॅथेड्रल नाही.

माझ्या मते उत्तर बाजारातच आहे. देशभरातून माणसं येणार, त्यांचे घोडे, नोकर, बाहेरच्या दरबारांचे वकील, सगळ्यांना खायला धान्य, मांस, चारा, डोक्यावर छप्पर लागणार. डोंगराळ वेल्समध्ये तेव्हा अशी सोय कुठं होती? जिथं शंभरावर वर्षं दर आठवड्याला चहूकडून माल येत होता तिथंच. उत्तर-दक्षिण वाट डवी ओलांडते ती इथं, पूर्वेकडून खोऱ्यातून येणारी वाट इथं, समुद्रावरून भरतीबरोबर येणाऱ्या होड्या जवळच. बाजार त्या वाटांमुळे आला आणि पार्लमेंट त्या बाजारामुळे आली. राज्य पाच-सहा वर्षांत गेलं, पण त्याच्या आधीपासून असलेला बाजार मागं राहिला, म्हणून गाव राहिलं. सिखार्थ बघा, तिथं आज गवताने झाकलेला उंचवटा आहे फक्त. १४०३ मध्ये इंग्रजांनी वाडा जाळला आणि वसवायला पुन्हा कोणी आलंच नाही.

आणि माइनग्विन स्ट्रीटवर जे पार्लमेंट हाऊस दाखवतात ती इमारत आजच्या रूपात १४०४ च्या नंतरची आहे, हे जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. तरी आत जावंच. शेजारच्या संस्थेच्या इमारतीत मरे अर्कहार्ट या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिद्गेनच्या लढाईचं भलंमोठं भित्तिचित्र काढलंय.

बखरवाला

पटतंय. किंबहुना तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा देतो. पहिल्या एडवर्डने १२८२-८३ मध्ये वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा लेवेलिन याचं घराणं संपवल्यावर कॉन्वी, कार्नारवन, बोमारिस इथं किल्ल्याच्या पायथ्याशी नवी गावं वसवली ती इंग्रज वसाहतवाल्यांसाठी. तिथं वेल्श माणसाला घर घेता येत नसे आणि पंचक्रोशीतल्या वेल्श शेतकऱ्याला माल मात्र तिथंच जाऊन विकावा लागे. बोमारिस बांधताना तर आधीच्या गावातली वेल्श माणसं उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. मखन्लेथची सनद त्याच राजाची, पण ती मिळाली वेल्श घराण्यातल्या सरदाराला. ओवेन डे ला पोल म्हणजे मूळचा ओवाइन, ग्रिफिथ आप ग्वेनविनविनचा मुलगा, बापाने एडवर्डची बाजू घेतली म्हणून जहागीर टिकली आणि नाव नॉर्मन झालं. फितुरीच म्हणायची तर म्हणा, पण त्या फितुरीतून जे गाव उभं राहिलं त्यात वेल्श माणूस आपल्या भाषेत सौदा करू शकत होता.

जाता जाता एक, दावीद गाम नावाचा ब्रेकनचा सरदार ओवाइनचा खून करायला त्या पार्लमेंटला आला, पकडला गेला आणि मॅखला कैदेत पडला अशी गोष्ट गाइड लोक सांगतात. तो ओवाइनच्या माणसांच्या हाती लागला हे खरं, पण १४१२ मध्ये, आणि खंडणी भरून सुटला. नंतर १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अजँकोर्टच्या लढाईत इंग्लंडच्या राजाकडून लढताना मेला.

रुळकरी

इतिहासवाल्यांनो, मला जरा जागा द्या. मॅखचं स्टेशन बघितलंय का कोणी? गावाच्या उत्तर टोकाला आहे आणि रेल्वेवाल्यांसाठी तीर्थक्षेत्र.

न्यूटाउन ते मखन्लेथ लाइन जानेवारी १८६३ मध्ये उघडली. (आपला बोरघाट त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाला, दोन्हीकडे डोंगर फोडायचं काम एकाच वेळी चालू होतं.) कंत्राटदार होता लॅन्डिनमचा डेव्हिड डेव्हिस, लाकूड कापणाऱ्या घरातला मुलगा, पुढं दक्षिण वेल्समधल्या कोळशावर प्रचंड श्रीमंत झाला. या लाइनवर सगळ्यात अवघड काम तालेर्धिगचं. तिथं बोगदा काढण्याऐवजी खडक वरून खाली कापत नेला, साधारण १२० फूट खोल, आणि त्या काळी जगातलं सगळ्यात खोल रेल्वे कटिंग होतं ते. निघालेला दगड वाया गेला नाही, लाइनवरचे पूल त्याच दगडाचे.

आता त्याची दुसरी बाजू. पाऊलवाट म्हणतायत त्या भरतीबरोबर येणाऱ्या होड्या मॅखच्या खाली दोनेक मैलांवर डेरवेनलासला लागायच्या. डोंगरातलं शिसं, मॅखच्या उत्तरेच्या कॉरिसची स्लेट म्हणजे पाटीचा दगड, झाडाची साल तिथून गलबतांवर चढायची. १८५९ मध्ये कॉरिसच्या खाणींपासून घोड्यांनी ओढायची ट्राम घातली तीसुद्धा डेरवेनलासच्या धक्क्यापर्यंत. चारच वर्षांनी मोठी रेल्वे आली, रुळाच्या भरावाने धक्का नदीपासून तुटला आणि बंदर संपलं. आज तिथून जाताना इथं कधी गलबतं लागत होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

कॉरिस रेल्वे मात्र मॅखपर्यंत चालू राहिली, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंच जास्त. ऑगस्ट १९४८ मध्ये डवीला पूर आला, पुलाजवळचा काठ ढासळला आणि लाइन बंद झाली ती झालीच. शेवटची दोन इंजिनं, ३ नंबर आणि ४ नंबर, मॅखच्या यार्डात ताडपत्री टाकून पडून होती. रुळ उपटले, वाघिणी गेल्या, पण ही दोन कोणी भंगारात दिली नाहीत. इतक्यात पलीकडच्या खोऱ्यातली टॅलिथ्लिन रेल्वे वाचवायला काही हौशी लोक एकत्र आले. जगात हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ती पहिली रेल्वे, आणि तिचं गेज नेमकं २ फूट ३ इंच! १९५१ मध्ये त्यांनी दोन्ही इंजिनं पंचवीस-पंचवीस पौंडाला घेतली. ती दोन्ही आजही चालतात. जगभरच्या जुन्या रेल्वे वाचवण्याच्या चळवळीचं एक मूळ मॅखच्या त्या यार्डात आहे, आणि ज्यांनी कोणी ती ताडपत्री घालून जपली त्यांचे आपण सगळे रेल्वेवेडे देणं लागतो.

आजही या लाइनचं, म्हणजे केंब्रियन लाइनचं, कंट्रोल सेंटर मॅखलाच आहे. रुळाकडेचे सिग्नल काढून ड्रायव्हरच्या केबिनमध्येच सिग्नल दाखवणारी युरोपियन पद्धत ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पूर्णपणे बसवली ती या लाइनवर, २०११ मध्ये.

माळरान

रुळकरी, मस्तच. मला घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल विचारायचं होतं. फोटोत पाहिला, एवढ्या लहान गावात एवढा नक्षीदार मनोरा कुणी बांधला? आणि हे स्लेटचं, लोकरीचं सगळं संपल्यावर आता लोक करतात काय तिथं?

पाऊलवाट

माळरान, मनोरा १८७४ चा. प्लास मखन्लेथ हा गावातला मोठा वाडा, तिथली वारस मुलगी लंडनडेरीच्या उमराव घराण्यात दिली होती. तिचा थोरला मुलगा, व्हायकाउंट कासलरे, एकवीस वर्षांचा झाला म्हणून गावाने वर्गणी काढून मनोरा उभारला. डिझाइन बँगरच्या हेन्री केनेडीचं, उंची ७८ फूट. तिथं आधी गावाचा जुना टाउन हॉल होता. म्हणजे बाजाराच्या कारभाराच्या जागी जमीनदाराच्या मुलाचा मनोरा आला, हे मला नेहमी खटकतं, वर्गणी देणाऱ्यातले कितीतरी त्याच घराण्याची कुळं असणार. पण मनोरा सुंदर आहे हेही खरंच, आणि पुढं १९४८ मध्ये त्याच घराण्याने वाडा आणि भोवतीची बाग गावाला देऊन टाकली. आता तिथं मुलं खेळतात.

लोक काय करतात हा प्रश्न मात्र मोठा आहे.

सौरचूल

या प्रश्नाचं थोडं उत्तर मी देते, कारण मी मॅखजवळ शिकलेय.

गावापासून तीन मैलांवर ल्विनग्वेर्नची बंद पडलेली स्लेटची खाण आहे. १९७३ मध्ये जेरार्ड मॉर्गन-ग्रेनव्हिल आणि काही मंडळींनी ती खाण घेऊन तिथं सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केलं, लोक कॅट म्हणतात. वीज नाही, रस्ता नाही, पडक्या झोपड्या आणि स्लेटच्या कपच्यांचे डोंगर. त्यांनी पवनचक्क्या, सौर पॅनेल, मैल्याचं खत, इन्सुलेशन हे सगळं स्वतःवर करून पाहिलं. १९७५ पासून लोकांना बघायला खुलं केलं. कड्यावर चढायला पाण्याच्या वजनावर चालणारी रेल्वे आहे, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो खाली येतो आणि खालचा वर जातो, इंजिन नाही काही नाही. रुळकरी, हे बघाच... पण एक वाईट बातमी, नोव्हेंबर २०२३ पासून रोजच्या पर्यटकांसाठी ते बंद केलंय, खर्च परवडेना. एमएस्सीचे आणि छोटे कोर्सेस चालू आहेत.

कॅटमुळे गाव बदललं. बाहेरून सुतार, इंजिनियर, शेती करणारे तरुण आले, काही तिथंच राहिले. त्यांची मुलं गावच्या शाळेत वेल्श शिकली. बुधवारच्या बाजारात सेंद्रिय भाजीचा मांडव आणि पिढीजात मेंढपाळाचा मांडव शेजारी असतात ते यामुळेच. सुरुवातीला जुन्या लोकांना हे दाढीवाले परके वाटले असणार, भाषेची काळजी तर आजही आहे आणि ती रास्त आहे, घरं महाग झाली की वेल्श बोलणारी तरुण मुलंच आधी बाहेर पडतात. तरी मला त्या गावात परकं कधी वाटलं नाही.

आणि लॉरा ॲशली! फुलाफुलांच्या कापडाचा तो जगभर गेलेला ब्रँड, त्यांचं १९६१ मधलं दुकान याच माइनग्विन स्ट्रीटवर होतं, वर घर खाली दुकान. पुढं कारखाना जवळच्या कारनोला गेला.

चष्मेबहाद्दर

वाचून आता जायचंच ठरवतोय. बर्मिंगहॅमला मुलाकडे असतो आम्ही दोघं उन्हाळ्यात. कसं जायचं, आणि पायाला त्रास आहे तर फिरता येईल का?

पाऊलवाट

नक्की जा काका. बर्मिंगहॅमहून ॲबरिस्टविथची ट्रेन थेट मॅखला जाते, श्रूजबरीला गाडी उलट्या दिशेने निघते तेव्हा घाबरू नका. मॅखला काही गाड्यांचे दोन भाग होतात, एक ॲबरिस्टविथला आणि एक किनाऱ्याने पुथ्लेलीला, पण तुम्हाला तिथंच उतरायचंय. डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीत बसा, कारनो गेलं की रुळकरींचं तालेर्धिग येतं, दोन्ही बाजूंना खडक अगदी जवळ.

स्टेशनपासून घड्याळापर्यंत पायी दहा-बारा मिनिटं, थोडा चढ आहे पण फार नाही. माइनग्विन स्ट्रीट सपाट आहे, बसायला बाक आहेत. बुधवारच धरा, आणि सकाळीच पोचा, दुपारी मांडव उतरायला लागतात. पार्लमेंट हाऊस, मग टॅबरनॅकल चॅपलमधलं आर्ट म्युझियम, मग प्लासची बाग एवढं निवांत होतं. पावसाळी दिवस असेल तर छत्रीपेक्षा रेनकोट बरा, खोऱ्यातून वारा येतो. हिवाळ्यात डवीला पूर आला की जुन्या दगडी पुलावरचा रस्ता बंद पडायचा, १८०५ चा पूल तो, पण २०२४ मध्ये वरच्या अंगाला नवा लांबलचक पूल झालाय त्यामुळे आता मुलगा गाडीने आणणार असेल तरी अडचण नाही. आणि एप्रिल ते ऑगस्टमध्ये गेलात तर मॅखजवळच्या कॉर्स डवी या अभयारण्यात ऑस्प्रे बघता येतात, मासे मारणारे मोठे शिकारी पक्षी. २०११ पासून ते तिथं घरटं करतात, लाकडी पायवाट आहे, काकूंनाही जमेल.

बखरवाला

चष्मेबहाद्दर, गाडी असेल तर पेनालला जाऊन याच. चर्चच्या आवारात ओवाइनचा पुतळा आहे आणि आत त्या पत्राची प्रत. दहा मिनिटांचं अंतर आहे मॅखपासून.